ताडपत्रीखालचा निळा चेहरा

आज फोटोतल्या रंगांबद्दल बोलायचंय, पण सुरुवात लग्नाच्या मांडवातून.

आमच्या अलिबाग, रेवदंडा, मुरूड पट्ट्यात अंगणात मांडव पडला की वर बऱ्याचदा निळी ताडपत्री असते. भर दुपारी ऊन तिच्यातून गाळून येतं आणि सगळं वऱ्हाड निळं दिसतं. मामेभावाच्या लग्नात मी मोबाईलवर आजीचा फोटो काढला, तो असाच. पुढच्या पावसाळ्यात आजी गेली. फ्रेम करण्यासारखा तेवढा एकच फोटो होता.

एका स्टुडिओत दिला. निळेपणा गेला, पण आजी गोरी होऊन आली! आईने बघितलं आणि एवढंच विचारलं, "ही कोण?"

असं का होतं? आपला फोटो असतो आरजीबी. लाल, हिरवा, निळा. या तिन्हींत रंग आणि उजेड एकमेकांत मिसळलेले असतात. एक हलवला की दुसराही हलतो. लॅब मोडमध्ये दोघांची फारकत होते. सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७६ साली ठरवलेली ही पद्धत. एल म्हणजे फक्त उजेड, ० ते १००. ए म्हणजे एका टोकाला हिरवा, दुसऱ्याला किरमिजी. बी म्हणजे निळा ते पिवळा. ए आणि बी दोन्ही शून्य, म्हणजे रंगच नाही: पांढरा, करडा किंवा काळा.

मग मी काय केलं? फोटोत मुळात पांढरं काय होतं? आजीचे केस. फोटोशॉपमध्ये इमेज, मोड, लॅब कलर असं जाऊन इन्फो पॅनलमध्ये केसांचे आकडे बघितले. बी उणे १८, ए उणे ५. कर्व्ह्जमध्ये आधी बी आणि मग ए सरकवत दोन्ही शून्याजवळ आणले. एलला हातच लावला नाही. गजऱ्यातली अबोली केशरी झाली, नथ पिवळी झाली, आणि चेहरा होता तसाच सावळा राहिला.

दोन गोष्टी सांभाळा. ताडपत्रीबाहेर थेट उन्हात जे असेल, ते या दुरुस्तीने पिवळं पडतं. तेवढा भाग मास्क करून वगळा. आणि मूळ फोटोची कॉपी ठेवूनच काम करा. शेवटी परत आरजीबी करा, मगच जेपेग सेव्ह होईल.

लॅबचा आणखी एक उपयोग. राजपुरीहून होडीतून काढलेला जंजिरा धुरकट येतो ना? ए आणि बीच्या रेषा मध्यबिंदू न हलवता थोड्या उभ्या करा. काळा दगड, शेवाळ, गंज, सगळे रंग वेगवेगळे दिसू लागतात. थोड्याच हां! जास्त केलं तर समुद्र प्लास्टिकचा वाटतो.

फोटोशॉप नाही? कॉम्प्युटरवर गिम्प फुकट मिळतं, त्यात डीकंपोज करून लॅबचे तीन थर वेगळे करता येतात. आणि फक्त मोबाईल असेल, तर टेम्परेचर म्हणजे निळा-पिवळा, टिंट म्हणजे हिरवा-किरमिजी. हे लॅब नव्हे, पण दिशा त्याच. आधी पांढरी वस्तू शोधा, तिच्यावर नजर ठेवून हे दोनच स्लायडर हलवा. ब्राइटनेस आणि ब्युटी फिल्टर राहू देत.

आता फोटो ओटीवर लावलाय. येताजाता आई त्याच्याशी बोलते.

चला, भेटू पुढच्या भागात!