मृगाच्या बाणाजवळचा काळा घोडा
(प्रभागसंघाच्या जानेवारीच्या सभेत एका विज्ञान शिक्षिकेनं केलेलं भाषण)



हप्ते, ठराव, इतिवृत्त सगळं झालं. आता दहा मिनिटं आकाशाकडं बघू.

मृग म्हटलं की आपल्याला पेरणी आठवते. पण पेरणीच्या दिवसांत मृगाचे तारे दिसतच नाहीत, कारण तेव्हा सूर्य त्याच बाजूला असतो. ते बघायचे आत्ता, थंडीत. चार तारे म्हणजे हरणाचे पाय, आणि मधे ओळीत तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण. या बाणाजवळ एका बाईनं एक शोध लावला, तिचं आज सांगते.

विल्यमिना फ्लेमिंग तिचं नाव. स्कॉटलंडमधल्या डंडीची, जन्म १८५७ चा. लग्नानंतर १८७८ मध्ये नवऱ्याबरोबर अमेरिकेत बोस्टनला गेली. तिथं ती गरोदर असतानाच नवरा सोडून गेला. परका मुलुख, पोटात लेकरू. एडवर्ड पिकरिंग म्हणून हार्वर्ड वेधशाळेचे संचालक होते, त्यांच्या घरी ती मोलकरीण म्हणून लागली. बाई हुशार आहे हे त्यांनी ओळखलं, आणि १८८१ मध्ये तिला वेधशाळेतच कामाला घेतलं.

दुर्बिणीतून रात्री काचेवर आकाशाचे फोटो निघायचे. दिवसा बायका भिंग लावून त्या काचा तपासायच्या, तांदूळ निवडावेत तसा एकेक ठिपका. १८८८ सालच्या अशाच एका काचेवर, बाणाच्या टोकाच्या ताऱ्याजवळ, उजळ पट्ट्यात तिला एक काळी खोबण दिसली. दुसऱ्या कुणी डाग म्हणून सोडलीही असती. हिनं नीट मोजून लिहून ठेवलं: ताऱ्याच्या दक्षिणेला अर्धा अंश, म्हणजे पुनवेच्या चंद्राच्या रुंदीएवढं अंतर, आणि खोबण त्या रुंदीच्या सहाव्या हिश्श्याएवढी. आज मोठ्या दुर्बिणीतून तिथं घोड्याचं डोकं दिसतं. त्याला अश्वशीर्ष म्हणतात.

ते काळं का? आकाशातल्या अशा काळ्या जागा म्हणजे ताऱ्यांमधली भोकं, असं पूर्वी मोठमोठ्या लोकांनाही वाटायचं. भोक नाही, तायांनो, ती धूळ आहे. मागं हायड्रोजन वायू चमकतोय आणि पुढं धुळीचा ढग आडवा आलाय. उसाचं पाचट पेटवलं की धुरातून सूर्य कसा मंद आणि तांबडा दिसतो? ताऱ्यांमधली धूळ तेच करते. १९३० मध्ये ट्रम्पलर या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की या धुळीमुळं लांबचे तारे मंद दिसतात, आणि म्हणून आपण धरलेली अंतरंही चुकत होती. हे कण धुरासारखे बारीक, म्हाताऱ्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेले. अशाच गार ढगांत वायू आणि धूळ आपल्याच वजनानं गोळा होते आणि नवा तारा जन्मतो. आपल्या रक्तातलं लोहसुद्धा कधीकाळी ताऱ्यांतच तयार झालेलं.

आता नावाचं बघा. १८९५ मध्ये तेजोमेघांची मोठी यादी छापली गेली. त्यात या शोधापुढं नाव लागलं नुसतं ‘पिकरिंग’. गाय आपण सांभाळायची आणि डेअरीच्या कार्डावर नाव मालकाचं, तसंच. पगाराचंही तेच. १९०० सालच्या रोजनिशीत तिनं लिहिलंय की तिला वर्षाला १५०० डॉलर मिळतात आणि काही पुरुष सहायकांना २५००. मला तर तो शोध राहू दे, ही रोजनिशीच जास्त धाडसाची वाटते. पण हार्वर्डच्या छापील अहवालात तिचं मोजमाप शिल्लक होतं, म्हणून आज अश्वशीर्षाचा शोध तिच्या नावावर आहे. १९०६ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं तिला मानद सदस्य केलं.

अश्वशीर्ष नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. पण आज जेवणं झाली की अंगणात या. पूर्वेकडं तोंड करा, बाण सापडेल. त्याच्या उजव्या अंगाला तीन मंद ताऱ्यांची छोटी ओळ आहे. त्यातला मधला पुसट, कापसाच्या बोळ्यासारखा दिसेल. तो तारा नाही, वायू आणि धुळीचा ढग आहे, आणि त्यात या घडीला तारे तयार होतायत. लाईट गेलेली असली तर आणखी चांगलं दिसेल.