परिचयात आकडे का नाहीत



  

तुमच्या हाती या परिषदेची स्मरणिका आहे. वक्त्यांचे परिचय वाचताना त्यात काहीतरी राहून गेले, असे वाटेल. कोणाचे शोधनिबंध किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती, हे कुठेच छापलेले नाही. आम्ही ते ठरवून गाळले. प्रत्येक वक्त्याकडून आपल्या एकाच निबंधाचे नाव मागवले आणि त्याने कोणता प्रश्न सुटला, हे चार ओळींत लिहायला सांगितले. निर्णय स्वागत समितीचा असला तरी त्याचे कारण सांगणे हे माझे काम आहे.

आजवर सर्वाधिक सायटेशन मिळालेला निबंध आपल्याच अंगणातला, जीवरसायनशास्त्रातला आहे. ऑलिव्हर लाउरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली नमुन्यातले प्रथिन मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या निबंधांची यादी केली, तेव्हा या निबंधाचा उल्लेख तीन लाखांहून अधिक निबंधांत झालेला होता. पुढच्या दोन जागांवर लेमली आणि ब्रॅडफर्ड यांचे प्रथिनांवरच्या पद्धतींचे निबंध होते. तुमच्यापैकी कितीतरी जण त्यांच्या पद्धती दर आठवड्याला वापरत असतील. त्याच यादीतल्या पहिल्या शंभरात वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा, डीएनएच्या रचनेचा निबंध मात्र नव्हता.

यात लाउरींना कमी लेखण्यासारखे काही नाही. प्रथिन नीट मोजता आले नसते तर आपले निम्मे प्रयोग झालेच नसते. पण पद्धत वापरली की तिचा उल्लेख करावाच लागतो. डीएनएचे दुहेरी सर्पिल शालेय पुस्तकात गेले, आता त्यासाठी मूळ निबंधाचा दाखला कोण देणार? आपला निबंध काही थोर नव्हे, हे लाउरींनी स्वतःच लिहून ठेवले आहे. वापर किती झाला हे आकडा सांगतो. त्यामागचा विचार किती खोल होता, हे निबंध वाचल्याशिवाय कळत नाही.

फ्रेडरिक सँगर यांचेच पाहा. इन्सुलिनमधील अमिनो आम्लांचा क्रम उलगडल्याबद्दल त्यांना १९५८ चे नोबेल मिळाले. मग ते प्रथिनांकडून आरएनएकडे आणि तिथून डीएनएकडे वळले. मधली कितीतरी वर्षे त्यांच्या नावावर फारसे काही जमा होत नव्हते. १९७७ मध्ये डीएनएचा क्रम वाचण्याची त्यांची पद्धत आली आणि १९८० मध्ये दुसरे नोबेल. तो १९७७ चा निबंध ‘नेचर’च्या यादीत चौथा आहे. आजच्या विज्ञानाच्या जगात सँगर टिकले नसते, असे रेणवीय जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी सँगर यांच्या निधनानंतर लिहिले. ते वाचून मी अस्वस्थ झालो, कारण निवड समित्यांवर बसणारे आपणच आहोत. त्या मधल्या वर्षांत सँगर यांचा अर्ज आपल्यापुढे आला असता, तर आपण काय केले असते?

आकड्यांशिवायही निवड होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी शिफारस केली, संस्थेचे संचालक होमी भाभा यांनी बोलावले आणि तो विभाग उभारायला ओबेद सिद्दिकी आले. युजीन गारफिल्ड यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स तेव्हा बाजारात यायचा होता. तो आला १९६४ मध्ये, आणि तोही मुळात संदर्भ शोधण्याचे साधन म्हणून. माणसाचे काम समजणाऱ्याने शब्द टाकला आणि ऐकणाऱ्याने तो मानला. अशा शिफारशीत वशिल्याची भीती असते, हे मी नाकारत नाही. म्हणून तर मूल्यमापन करणाऱ्याने निबंध वाचावा, त्यातल्या आकृत्या तपासाव्यात आणि आपले मत सही करून द्यावे. याला वेळ लागतो. तो वेळ काढणे हे आपले कर्तव्य आहे.

म्हणून ज्येष्ठांना एक विनंती आहे. दुपारी पोस्टरसमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला ‘किती पेपर झाले?’ असे विचारू नका. त्याचा प्रश्न काय आहे ते विचारा, आणि उत्तर पुरे होईपर्यंत तिथे थांबा. चहाची वेळ आम्ही त्यासाठीच वाढवून ठेवली आहे.

आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करून परिषदेला आरंभ करावा, अशी त्यांना नम्र विनंती करतो.