नमुना नीट पोहोचला, तर निदान नीट होतं

 

आजचा विषय जरा वेगळा आहे. दवाखान्यात तपासणीसाठी आपली थुंकी, रक्त किंवा गाठीचा तुकडा घेतात. त्याला नमुना म्हणतात. हा नमुना कसा द्यायचा, कसा बांधायचा आणि प्रयोगशाळेपर्यंत सुखरूप कसा न्यायचा, हे आज बोलू. तुम्ही म्हणाल, हे तर दवाखान्याचं काम, आपल्याला काय त्याचं? पण बघा, नमुना देणारी बाई आपल्यातली. तो उपकेंद्रात नेणारी आशाताई आपल्यातली. आणि "ही बाटली शहरातल्या लॅबमध्ये नेऊन द्या" असं सांगून कुणी हातात पिशवी ठेवली, तर ती मांडीवर घेऊन जीपमध्ये बसणारी बहीण किंवा जाऊसुद्धा आपल्यातलीच. म्हणून हे आपल्याला माहीत पाहिजे.

उदाहरण घेऊ क्षयरोगाचं, म्हणजे टीबीचं. हा आजार जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलं. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. दोन आठवडे किंवा जास्त दिवस खोकला, संध्याकाळी येणारा ताप, रात्री घाम, वजन कमी होणं, थुंकीतून रक्त, यातलं काहीही असलं तर थुंकी तपासायची. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

आता तपासणी कुठे होते? काही ठिकाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. अनेक ठिकाणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्र आहे. ट्रूनॅट गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं आहे आणि बॅटरीवरही चालतं. ही यंत्रं काही तासांत सांगतात की टीबी आहे का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का. पण औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा संशय आला, तर नमुना आणखी मोठ्या प्रयोगशाळेत जातो. आपल्या राज्यात पुणे आणि नागपूर इथे अशा संदर्भ प्रयोगशाळा आहेत. म्हणजे मुखेड किंवा जळकोटच्या बाईची थुंकी शेकडो किलोमीटरचा प्रवास करते. बाई घरीच असते. तिच्या जागी तिचा नमुना जातो.

तिथे 'कल्चर' नावाची तपासणी करतात. म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून बघतात. त्याला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो, कारण टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो. आता शेतातलं बघा. सोयाबीन हळू वाढतं आणि तण भराभर. वेळेवर खुरपणी झाली नाही तर तण पिकाला दाबतं. थुंकीतही तोंडातले दुसरे जंतू असतातच. बाटली वैशाखाच्या उन्हात तापली, गाडीत दिवसभर पडून राहिली, तर हे दुसरे जंतू माजतात आणि टीबीचा जंतू सापडत नाही. मग प्रयोगशाळा म्हणते, नमुना खराब आहे, पुन्हा पाठवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून हे जास्तच लक्षात ठेवायचं.

'पुन्हा पाठवा' हे सांगायला सोपं आहे. पण कंधार, लोहा, मुखेडकडच्या कितीतरी बाया दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कोयत्याची उचल घेतलेली असते, ट्रक दारात येऊन थांबतो. थुंकी दिली आणि नमुना वाटेत सांडला, तर निरोप येईपर्यंत बाई दुसऱ्या जिल्ह्यात नाहीतर कर्नाटकात फडावर पोहोचलेली असते. तिथे खोपीत लेकरं तिच्या कुशीत झोपतात आणि तिचा खोकला चालूच असतो. थुंकी पुन्हा देता येते, गेलेले दोन-तीन महिने परत येत नाहीत.

म्हणून सुरुवात नमुना देण्यापासून करू. टीबीसाठी सहसा थुंकीचे दोन नमुने घेतात. एक दवाखान्यात त्याच वेळी, दुसरा सकाळी उठल्या उठल्या. आधी साध्या पाण्याने चूळ भरायची. उघड्या हवेत, माणसांपासून लांब उभं राहायचं. घरात, न्हाणीत किंवा चुलीजवळ नमुना द्यायचा नाही. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून बेडका काढायचा. तोंडातली पातळ लाळ चालत नाही. निदान २ मिलीलिटर बेडका हवा, म्हणजे साधारण अर्धा चमचा. बाटलीच्या बाहेर लागू द्यायचं नाही, आणि झाकण लगेच घट्ट लावायचं. मग साबणाने हात धुवायचे.

आता बांधणी. जगभर त्याची एकच रीत आहे, तीन थरांची. आपल्याला ती अवघड वाटायला नको. लेकीच्या सासरी लोणच्याची बरणी पाठवताना आपण काय करतो? झाकण आवळतो, बरणी प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, पिशवीचं तोंड बांधतो आणि मग डब्यात चिंध्या कोंबून बरणी उभी ठेवतो. तेल सांडलं तरी दुसऱ्याच्या लुगड्याला लागू नये, हाच विचार. नमुन्याचंही तसंच आहे, फक्त नियम पक्के आहेत.

पहिला थर म्हणजे नमुन्याची नळी किंवा बाटली. तिचं झाकण आट्यांचं आणि न गळणारं हवं. टीबीसाठी बहुतेक वेळा फाल्कन ट्यूब नावाची लांब नळी देतात. झाकणाभोवती पॅराफिल्म नावाची ताणली जाणारी पट्टी गुंडाळतात. नाव आणि क्रमांक नळीच्या अंगावर लिहायचा, झाकणावर नाही. झाकणं बदलली तर एकीचा रिपोर्ट दुसरीच्या नावावर जाईल.

दुसरा थर म्हणजे न गळणारी जाड पिशवी किंवा घट्ट झाकणाचा डबा. नळी आणि हा थर यांच्यामध्ये कापूस किंवा टिपकागद ठेवायचा. तो इतका हवा की नळी फुटली तर आतलं सगळं शोषून घेईल. नळ्या जास्त असतील तर प्रत्येक वेगळी गुंडाळायची, म्हणजे एकमेकींवर आपटत नाहीत.

तिसरा थर म्हणजे बाहेरचा टणक खोका. दुसरा थर त्यात हलू नये असा बसवायचा. हा माल रीतसर वाहतुकीने जातो तेव्हा पूर्ण बांधणी १.२ मीटर उंचीवरून पडली तरी आतली नळी गळू नये, असा नियम आहे. म्हणजे आपल्या कमरेच्या थोडं वरून. खोक्यावर चौकोन उभा करून काढलेली खूण असते, तिच्यात यूएन ३३७३ असं लिहिलेलं असतं. ही खूण बघितली की वाहतूक करणाऱ्याला कळतं, हा आरोग्याचा नमुना आहे, जपून न्यायचा.

थंडाव्याचं काय? टीबीची थुंकी २ ते ८ अंशांत ठेवून, होईल तितक्या लवकर आणि तीन दिवसांच्या आत पोहोचवायची असते. त्यासाठी गोठवलेले जेल पॅक घालतात. ते दुसऱ्या थराच्या बाहेर ठेवायचे. साधा बर्फ घातला तर त्याचं पाणी होतं, म्हणून बाहेरचा खोकाही न गळणारा लागतो. सुका बर्फ वापरला असेल तर खोका हवाबंद करायचा नाही, कारण त्याचा वायू होतो आणि खोका फुटू शकतो. आणि दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत. लसीच्या डब्यात नमुना ठेवायचा नाही, आणि घरच्या फ्रीजमध्ये दूध-भाजीशेजारीही नाही. शनिवारी नमुना रवाना करण्याआधी पलीकडे रविवारी तो घ्यायला माणूस आहे का, हे आरोग्य कर्मचाऱ्याला विचारायला हरकत नाही.

आता कागद. तपासणीचा फॉर्म नळीभोवती गुंडाळायचा नाही. नळी गळली तर नाव पुसतं आणि फॉर्म वाचणाऱ्याच्या हाताला घाण लागते. फॉर्म वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घालून दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मध्ये ठेवायचा. बाहेरच्या खोक्यावर पाठवणाऱ्याचा आणि प्रयोगशाळेचा पत्ता-फोन लिहायचा. बाईचं नाव बाहेर लिहायचं नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. टीबी झालाय एवढं कळलं तरी काही घरांत सुनेचं ताट वेगळं करतात, तिला माहेरी धाडतात. आजार बरा होतो, झालेली बदनामी मात्र लवकर जात नाही. तिचा आजार गावाला सांगायचा अधिकार फक्त तिचा.

काही ताई विचारतात, बाटली नेल्याने आपल्याला टीबी होईल का? टीबी हवेतून पसरतो, रुग्णाच्या खोकण्यातून. नीट बंद, तीन थरांत बांधलेली बाटली नेल्याने होत नाही. पण ती वाटेत उघडून बघायची नाही, लेकरांच्या हाती द्यायची नाही. सांडलीच तर हाताने पुसायला जायचं नाही. लोकांना बाजूला करायचं आणि उपकेंद्राला फोन करायचा. हातमोजे घालून, जंतुनाशक टाकून साफ करायचं काम ते करतील. काय आहे हे न सांगता नमुना एसटीत किंवा वडापमध्ये पार्सल म्हणून परस्पर द्यायचा नाही.

आणखी एक महत्त्वाचं. मानेतली किंवा काखेतली गाठ काढली की तुकडा बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती देतात. तेव्हा घाबरून न जाता चार प्रश्न विचारायचे. बाटलीत कोणतं द्रव आहे? थंड ठेवायची का? किती वेळात पोहोचवायची? कुणाच्या हाती द्यायची? पहिला प्रश्न का? फॉर्मेलिन नावाच्या द्रवात तुकडा कर्करोगासारख्या तपासणीसाठी चांगला टिकतो, पण त्यात जंतू मरतात. टीबीचं कल्चर करायचं असेल तर तुकडा वेगळ्या बाटलीत, सलाईनच्या पाण्यात ठेवावा लागतो. ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारलं तर दोन्ही तपासण्या होऊ शकतात. नंतर लक्षात आलं तर पुन्हा टाका घालायची पाळी येते.

या बांधणीवर किती अवलंबून असतं, ते कोरोनात सगळ्यांनी बघितलं. जानेवारी २०२० मध्ये देशातला पहिला रुग्ण केरळमध्ये सापडला, तेव्हा त्याचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासला गेला. ही संस्था १९५२ पासून पुण्यात आहे. केरळातला नमुना पुण्यापर्यंत नीट आला, म्हणून देशाला वेळेवर कळलं. आपल्या वाडीतल्या बाईचा नमुनाही तेवढ्याच मोलाचा आहे.

शेवटी गटाने काय करायचं ते सांगतो. पुढच्या बैठकीत एका आट्यांच्या झाकणाच्या बाटलीत पाणी भरा, झाकण लावा आणि बाटली पाच मिनिटं कोरड्या कागदावर उलटी ठेवा. कागद ओला झाला की कळेल, 'घट्ट लावलं' म्हणणं आणि खरंच घट्ट लावणं यात किती फरक आहे. मग तीन थर बांधून बघा. आशाताईंना बैठकीला बोलवा. बाई स्थलांतर करणार असेल तर ती जाण्याआधी नमुना द्यायला लावा, तिचा चालू फोन नंबर फॉर्मवर लिहा, आणि ती कुठल्या कारखान्याला जाणार तेही आरोग्य कर्मचाऱ्याला सांगा. नमुना दिल्याची तारीख तिने लिहून ठेवावी. रिपोर्ट आला नाही तर गप्प बसू नका, विचारा. टीबी निघाला तर नोंदणी झाल्यावर उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १००० रुपये बँक खात्यात मिळतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. माहितीसाठी १८००-११-६६६६ या क्रमांकावर फोन मोफत आहे.

मैत्रिणींनो, बाईने दवाखान्यात जायचं धाडस केलं, खोकून थुंकी दिली, की तिचं काम झालं. तो नमुना न सांडता, न तापता, योग्य नावाने पोहोचवणं हे पुढच्या हातांचं काम आहे. त्यातले काही हात आपले असतात.