सामिष आहार सोडताना
(नभोवाणीवरील भाषण)

माझे माहेर गोव्याचे आणि संसार व नोकरी बेळगावची. आम्ही जिला शीत-कडी म्हणतो, तो भात आणि ती माशांची आमटी यांवरच माझा पिंड पोसला गेला. उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, आमच्या घरी मांस वर्ज्य असे. मासळीला मात्र मज्जाव नव्हता. २०२१ च्या उपवासकाळात मी मांसाबरोबर मासळी आणि अंडीही सोडून पाहिली. ईस्टरचा दिवस उजाडला तेव्हा माझी मुलगी मला म्हणाली, "ममा, चाळीस दिवस चालले ना? मग एकेचाळिसाव्या दिवशीच काय बिघडते?" वर्गातील मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हा माझा व्यवसाय; पण या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. बाजारात उलट्या टांगलेल्या कोंबड्यांकडे पाहताना माझ्याही मनाला काही काळापासून टोचणी लागलेली होती. आम्ही दोघींनी त्याच दिवशी सामिष अन्न कायमचे सोडले.

त्या निश्चयाचा मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो निश्चय ज्या अजाणतेपणाने अमलात आणला त्याचा. आज त्याविषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत.

आम्ही केले काय, तर ताटातून मासळी उचलली आणि बाकीचे ताट जसेच्या तसे ठेवले. भात होता, पातळ वरण होते, बटाट्याची नाही तर दुधी भोपळ्याची भाजी होती, लोणचे होते आणि जेवणानंतर चहा होता. पोट भरत होते, म्हणून काही उणे आहे अशी शंकाही आली नाही. दोन वर्षे सुरळीत गेली. तिसऱ्या वर्षी मला जिने चढताना धाप लागू लागली, जीभ लाल होऊन हुळहुळू लागली आणि तळपायांना सतत मुंग्या येऊ लागल्या. एके दिवशी हजेरी घेताना समोर बसलेल्या मुलीचे नाव मला आठवेना. चार वर्षे मी तिला शिकवीत होते. वय झाले म्हणावे तर माझी अजून पन्नाशीही उलटलेली नाही. इकडे मुलगीही निस्तेज दिसू लागली होती. पण तिचा अभ्यासाचा शीण असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

डॉक्टरांनी दोघींचे रक्त तपासले. माझ्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले, मुलीच्या रक्तात लोह. अहवाल बाजूला ठेवून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "बाई, मासळी सोडलीत हे ठीकच, पण तिच्या जागी काय घेता?" मी निरुत्तर झाले.

श्रोतेहो, हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. श्रावण पाळणारी, सोमवार-गुरुवार पाळणारी कितीतरी कुटुंबे आपल्या भागात आहेत. महिना-दीड महिना निरामिष राहण्याचा अनुभव गाठीशी असल्यामुळे कायमचे निरामिष राहणेही तितकेच सोपे असेल, असे त्यांना वाटते. मलाही तसेच वाटले. हा अनुभव फसवा आहे. ब-१२ जीवनसत्त्वाचा साठा आपल्या यकृतात असतो आणि तो पुष्कळदा काही वर्षे पुरतो. चाळीस दिवसांत त्याला धक्काही लागत नाही. संपतो तेव्हा मात्र तो न सांगता संपतो. म्हणून व्रताचा अनुभव हा आहार बदलण्याचा अनुभव नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावे.

आता डॉक्टरांच्या प्रश्नाकडे वळू. मासळी आपणास काय देत होती? मुख्यतः प्रथिने, लोह, ब-१२ जीवनसत्त्व आणि विशिष्ट प्रकारची स्निग्ध द्रव्ये. यांतील प्रत्येकाची भरपाई निराळ्या तऱ्हेने करावी लागते.

प्रथम प्रथिने. निरोगी प्रौढ माणसास शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलो वजनास पन्नास ग्रॅम झाली. शंभर ग्रॅम बांगड्यातून वीसएक ग्रॅम सहज मिळत. माझ्या नव्या ताटाचा मी कागदावर हिशेब मांडला, तेव्हा भात, पातळ वरण, बटाटा आणि चहातले दूध मिळून तिशीही गाठली जात नव्हती. आता दुसरे ताट पाहा. दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या, शंभर ग्रॅम तांदळाचा भात, डाळ आणि उसळ मिळून साठ ग्रॅम कडधान्य, दूध-दही मिळून तीनशे मिलिलिटर आणि मूठभर शेंगदाणे. या ताटात पन्नास ग्रॅमांहून थोडी अधिकच प्रथिने भरतात, आणि यात आपल्याकडे न मिळणारी अशी एकही वस्तू नाही.

केवळ वजन भरून मात्र भागत नाही. प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात. तृणधान्यांत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते, तर कडधान्यांत मेथिओनिन कमी असते. एकाचे उणे दुसऱ्याने भरून निघते. वरणभात, भाकरी आणि उसळ, खिचडी, इडली, थालीपीठ हे आपले जुने पदार्थ या जोडीवरच उभे आहेत. दोन्ही एकाच घासात हवीत असे नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेली म्हणजे झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहारविषयक सुधारित मार्गदर्शन प्रसिद्ध केले. तीन भाग धान्यास एक भाग कडधान्य, हे त्यातील प्रमाण गृहिणींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपले वरण बहुधा इतके पातळ असते की हे प्रमाण साधत नाही. मसूर, मटकी, चवळी, वाल, हरभरा, कुळीथ यांची घट्ट उसळ रोज एकदा तरी व्हावी. गोव्याकडील श्रोत्यांना अळसांद्यांच्या तोणाकाची आठवण करून दिली म्हणजे पुरे.

दुसरी गोष्ट लोहाची. मांसातील आणि मासळीतील लोहाचा काही भाग शरीर सहज शोषून घेते. वनस्पतींतील लोह त्या मानाने कमी शोषले जाते. म्हणून पालेभाजीत, कडधान्यात लोह आहे एवढ्यावर समाधान मानू नये; ते रक्तापर्यंत पोचते की नाही हे पाहावे. क जीवनसत्त्व त्याच्या शोषणाला मोठे साहाय्य करते. उसळ किंवा भाजी चुलीवरून उतरल्यावर वर लिंबू पिळावे, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते. जेवणात कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर, आवळ्याची फोड किंवा पेरू असावा. कडधान्यास मोड आणले म्हणजे लोहाला अडवून धरणारी द्रव्ये त्यात कमी होतात. याउलट चहातील टॅनिन शोषणाला अडथळा करते. माझ्या मुलीला जेवण आटोपताच चहा घेण्याची सवय होती, आणि ती तिला माझ्याकडूनच लागलेली होती. आता जेवण आणि चहा यांत आम्ही निदान तासाभराचे अंतर ठेवतो. औषधाने आणि या साध्या नियमांनी तिच्या गालांवर पुन्हा लाली आली.

तिसरी, आणि सर्वांत जपण्याची, गोष्ट ब-१२ जीवनसत्त्वाची. येथे थोडा इतिहास सांगते, कारण त्याचा एक धागा मुंबईशी जुळलेला आहे. लूसी विल्स ही इंग्लिश विदुषी १९२८ साली मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका घातक पंडुरोगाचा तिने अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे १९३१ मध्ये दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. पानाला लॅटिन भाषेत असलेल्या शब्दावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल पडले. ब-१२ हे त्याचेच सोबती. त्याचे लाल स्फटिक १९४८ साली हाती आले. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५६ पर्यंत त्याची गुंतागुंतीची रचना उलगडली आणि १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविले.

ही दोन द्रव्ये रक्त तयार करण्याच्या कामी एकमेकांच्या हातात हात घालून वावरतात, आणि धोका नेमका इथेच आहे. पालेभाज्या आणि कडधान्ये खाणाऱ्यास फॉलिक आम्ल पुरेसे मिळते. त्यामुळे ब-१२ चा तुटवडा असूनही रक्तातील बिघाड काही काळ झाकला जातो. पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा ही तिची लक्षणे. फार उशीर झाल्यास ती हानी कायमची राहू शकते.

हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. ते सूक्ष्म जंतूंनाच घडविता येते. गाई-म्हशींच्या पोटातील जंतू ते बनवितात आणि दुधातून ते आपल्याकडे येते. इडलीच्या आंबविण्याने किंवा मोड आणण्याने ते पुरेसे मिळेल या भरवशावर राहू नये. प्रौढाची दिवसाची गरज दोन मायक्रोग्रॅमहून किंचित अधिक, म्हणजे मोहरीच्या दाण्याच्या एका कणाएवढीही नाही. परंतु तेवढी पाहिजेच. दूध, दही, ताक, पनीर यांचा रोज चांगला वापर असेल तर ती बरीचशी भागते. अंडी चालत असतील तर आणखी मदत होते. चहापुरत्या दुधावर मात्र ती भागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांतही ही उणीव आढळते. दूधही वर्ज्य करणाऱ्यांनी गोळी किंवा हे जीवनसत्त्व मुद्दाम घातलेले अन्न घेण्यावाचून गत्यंतर नाही. ब-१२ हे औषधासाठी जंतूंच्या आंबवणातूनच तयार होते. त्यामुळे गोळी घेताना व्रतभंग होईल अशी धास्ती बाळगू नये. मला इंजेक्शने घ्यावी लागली. थकवा काही आठवड्यांत गेला. तळपायांच्या मुंग्या जायला मात्र कित्येक महिने लागले.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात सांगते. मासळीतील उपयुक्त स्निग्ध द्रव्यांची अंशतः भरपाई जवस आणि अक्रोड करतात. अंशतः म्हणते, कारण शरीर त्यांचे रूपांतर थोड्या प्रमाणातच करू शकते. तरीही जवसाची चटणी रोज पानात असावी. समुद्राच्या मासळीतून आयोडीन मिळे, म्हणून मीठ आयोडीनयुक्तच वापरावे. काट्यांसकट खाल्लेल्या बारीक मासळीतील कॅल्शियमची जागा नाचणी, तीळ आणि दूध भरून काढतात. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमांहून अधिक कॅल्शियम असते. पालकातही ते असते; पण ऑक्झॅलेटमुळे त्यातील फारच थोडे अंगी लागते.

ही विद्या मला पुस्तकाआधी शेजारच्या काकूंनी शिकविली. त्यांच्या घरी कित्येक पिढ्या मासळी शिजलेली नाही. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी भाकरी, मोडाची उसळ, जवसाची किंवा कारळ्याची चटणी आणि वाटीभर ताक, संध्याकाळी मेतकूट-भात आणि दही. मी त्यांच्या जेवणाला साधे जेवण म्हणत असे. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला तेव्हा कळले की त्या ताटातील एकही वाटी उगाच ठेवलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्यांस ताट कसे भरावे हे न शिकता येते. आम्हां मत्स्याहारींना ते शिकावे लागते.

म्हणून माझी विनंती एवढीच. सामिष सोडावे की न सोडावे, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. सोडावयाचे ठरल्यास आधी आठवड्याचा आहार कागदावर मांडावा. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावे. गरोदर स्त्रिया, वाढती मुले आणि वृद्ध यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हा बदल करू नये. मुलांनी असा निश्चय केला, तर त्यांना रागावू नये आणि नुसते कौतुक करूनही थांबू नये. माझ्या मुलीने एक चांगला प्रश्न विचारला होता. तिच्या ताटात काय पडते हे पाहणे माझे काम होते, आणि तीन वर्षे मी ते केले नाही. आपल्या हातून तसे न होवो.