मुशीचा गुण

आपल्या खिशांतील दूरध्वनि ज्या लिथियमच्या विद्युद्घटावर चालतो, तो १९९१ सालीं बाजारांत आला. त्याच्या दोन ध्रुवांमध्यें एक द्रव असतो व त्यांतून लिथियमचे विद्युद्भारित अणू ये-जा करितात. हा द्रव ज्वालाग्राही आहे. घट फुटल्यास किंवा फार तापल्यास तो पेट घेण्याचें भय असतें. म्हणून द्रवाच्या जागीं न जळणारा घन पदार्थ घालावा, असा शास्त्रज्ञांचा यत्न चालला आहे.

परंतु द्रव ओतला कीं काम झालें. घन पदार्थाची मात्र भुकटी दाबून ती भट्टींत भाजावी लागते. कुंभाराच्या आव्यांतून एकाच मातीचीं मडकीं कांहीं पक्कीं तर कांहीं कच्चीं निघतात, तशीच येथेंही गत होते.

२००७ सालीं रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन तंगदुराई व वर्नर वेप्पनर या तिघांनीं अशा एका पदार्थाची वाहकता प्रसिद्ध केली. त्यांत लिथियमचे ७, लॅन्थॅनमचे ३, झिर्कोनियमचे २ व प्राणवायूचे १२ अणू, अशी योजना असते. घडण तामडा या खड्यासारखी. त्यांनीं तो सुमारें १२३० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर भाजला होता. पुढें दुसऱ्या संशोधकांनीं हींच द्रव्यें याच प्रमाणांत घेऊन कमी उष्णतेवर पदार्थ केला, तेव्हां त्याची वाहकता सुमारें शंभर पटींनीं कमी भरली! पहिल्याचा स्फटिक तिन्ही दिशांनीं सारखा होता. दुसऱ्याचा एका दिशेनें किंचित् निराळा.

याचें कारण २०११ च्या सुमारास उलगडलें. तीव्र उष्णतेंत मुशीच्या भिंतींतील अॅल्युमिनम हळूहळू पदार्थांत शिरलें होतें. त्याचा एक अणू लिथियमच्या तिघांची जागा घेतो आणि दोन जागा रिकाम्या ठेवतो. नाट्यगृहांतील सर्व खुर्च्या भरल्या असल्या म्हणजे कोणास हालतां येत नाहीं; कांहीं रिकाम्या झाल्या कीं सरकण्यास वाव मिळतो. त्याचप्रमाणें लिथियम थोडें घटलें, पण त्याची वाट मोकळी झाली. शिवाय निवल्यावरही स्फटिकाचा चांगला आकार टिकून राहिला. ज्या मुशीस आपण केवळ पात्र समजतों, ती येथें पाककृतींतील एक द्रव्य ठरली.

भट्टीचे आणखीही गुणदोष आहेत. भाजणी अपुरी झाली तर कणाकणांमध्यें पोकळ्या राहतात व सांध्यासांध्यांवर अणूंची गति अडते. भाजणी लांबली तर लिथियम वाफ होऊन उडून जातें. म्हणून तें आरंभींच थोडें अधिक घालतात आणि वडीवर त्याच पदार्थाची भुकटी पसरतात. तयार वडी दमट हवेंत उघडी राहिली तर तिच्यावर लिथियम कार्बोनेटचा पापुद्रा धरतो आणि ध्रुवाशीं तिचा संबंध बिघडतो.

तात्पर्य, पदार्थाचें रासायनिक सूत्र सांगितल्यानें त्याची वाहकता सांगितली असें होत नाहीं. कोणत्या मुशींत, किती उष्णतेवर, किती वेळ भाजला व पुढें कसा राखला, हेंही सांगितलें पाहिजे. तें टिपून न ठेवणाऱ्यास कालचें यश आज पुन्हा साधेलच असा भरंवसा नाहीं; आणि न पेटणारा घट घरोघरीं पोहोंचावयाचा, तर प्रत्येक वडी पहिल्या वडीसारखीच निघाली पाहिजे.