रेडीचे लोह, कासार्ड्याची वाळू

जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या भूगोल-शिक्षक बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मालवणात मनःपूर्वक स्वागत! पृथ्वीवर खनिजे सगळीकडे सारखी का नाहीत, हा यंदाच्या संमेलनाचा विषय. त्यासाठी सिंधुदुर्ग निवडलात याचा मला फार आनंद आहे, कारण या प्रश्नाचे उत्तर आमच्या पायाखालीच आहे.

रेडीला लोहखनिज, कासार्ड्याला सिलिका वाळू, कणकवलीजवळ क्रोमाइट. आणि शेजारच्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात यांपैकी कशाचीही खाण नाही. वास्तविक त्या पाषाणात लोह भरपूर आहे, पण कणाकणांत विखुरलेले. खाण व्हायची तर ते एका जागी गोळा व्हावे लागते, आणि गोळा करणाऱ्या घडामोडी सगळीकडे घडल्या नाहीत. रेडीचे आणि गोव्याचे लोह अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी थराथराने साचले. पुढे पाण्याने त्यातली सिलिका धुऊन नेली, तेव्हा कुठे ते खाणीजोगे झाले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला आणि महाराष्ट्राचे बहुतेक जुने खडक त्याखाली गेले. दक्षिण सिंधुदुर्गात आणि पूर्व विदर्भात ते आज उघडे दिसतात. म्हणून लोहाच्या खाणी रेडीला आणि सुरजागडला आहेत, पुण्या-साताऱ्याला नाहीत.

खनिज असे गोळा कसे होते ते पाहायचे तर उद्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, जाल तेव्हा चिरेखाणीत जरूर उतरा. नुकत्याच कापलेल्या चिऱ्याला हात लावून पाहा: तांबडा-पिवळा, छिद्राछिद्रांचा, ओलसर आणि मऊ. हवा लागली की हाच चिरा घट्ट होतो आणि घर पेलतो. मुसळधार पाऊस आणि कडक ऊन यांनी मूळ खडकातला चुना, सिलिका वाहून नेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. ॲल्युमिनियम जास्त उरले तिथे बॉक्साइट झाले. आफ्रिकेतल्या गिनीचे प्रचंड बॉक्साइटसाठेही अशाच उष्ण, पावसाळी हवेत तयार झाले.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. खनिज एका गावात निघते, त्याचा उपयोग दूरवर होतो, चिखल मात्र गावातच राहतो. 2021च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यातल्या कळणे गावच्या खाणीचा बांध फुटला आणि गढूळ पाणी वस्तीत, बागायतीत शिरले. खनिजांच्या वाटणीचा धडा शिकवताना ही वाटणीही मुलांना सांगायला हवी. आपापल्या शाळेत परतल्यावर त्या धड्याची सुरुवात नकाशाऐवजी गावातल्या खडकापासून करा, एवढी विनंती करतो आणि पुन्हा एकदा आपले स्वागत करतो.