दिसलं किती, जोडलं किती

२०२२ चा गुढीपाडवा आठवा. २ एप्रिलला संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ-खानदेशाच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग संथपणे सरकत गेली. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पेटलं म्हणालं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं सापडलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च रॉकेटच्या टप्प्याचा तो तुकडा असावा, असं जाणकारांनी सांगितलं.

समजा, कडं पडलंच नसतं आणि एखाद्या सद्गृहस्थानं दिवाळी अंकात लिहिलं असतं, ‘माझ्या मळ्यावरून लांबट यान गेलं, त्याला खिडक्या होत्या.’ मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. ३ मार्च १९६८ ला सोव्हिएत झोंड-४ मोहिमेचे अवशेष अमेरिकेवर असेच जळत गेले, तेव्हा टेनेसीतल्या तिघांनी चौकोनी खिडक्यांचं, रिव्हेट ठोकलेल्या पत्र्यांचं यान पाहिल्याचं कळवलं होतं. उडत्या तबकड्यांवरच्या काँडन अहवालात विल्यम हार्टमन यांनी याची चिकित्सा केली आहे. दिवे खरे होते. मधला पत्रा मनानं ठोकला.

म्हणून साक्षीदार सज्जन आहे का, हा प्रश्न माझ्या लेखी दुय्यम. आपल्या नगरच्या शहा डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे, तरी आपण पाहुण्यांना ती चांदबीबी महाल म्हणूनच दाखवतो. त्यात कुणाची लबाडी नसते.

छापील हकिगत हाती आली की मी पेन्सिल घेतो. वेळ, दिशा, किती वेळ दिसलं, याखाली रेघ. ‘पाचशे फुटांवरून गेलं’ याखाली नाही. वस्तू केवढी हे ठाऊक नसेल, तर रात्रीच्या उजेडाचं अंतर डोळ्यांना कळत नाही; सत्तर-ऐंशी किलोमीटर उंचीवर जळणारा तुकडा पलीकडच्या उसात पडल्यासारखा वाटतो. हात लांब करून मूठ धरली, तर ती आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. ‘क्षितिजापासून दोन मुठी वर, ईशान्येला’ एवढं एक वाक्य मला ‘अलौकिक तेज’च्या चार पानांपेक्षा मोलाचं. ते लिहिलं कधी, हेही बघावं: त्याच रात्री वहीत, की दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र वाचून?

नगरकरांनी आणखी एक विचारावं. त्या रात्री के. के. रेंजवर लष्कराचा सराव होता का? पॅराशूटला लटकलेला प्रकाशगोळा हवेत तरंगतो, वाऱ्याबरोबर सरकतो आणि जळून संपला की एकदम विझतो. हकिगतीत याचंच ‘क्षणात अदृश्य झालं’ होतं.

आणि दुसरा साक्षीदार शोधावा, पण लांबचा. एक अकोले तालुक्यातला, एक जामखेडचा, एकमेकांना न ओळखणारे. दोघांनी एकाच वेळेची दिशा आणि मुठी दिल्या, तर शाळेतल्या त्रिकोणमितीनं उंची निघते. मग कुणाच्या चारित्र्याचा दाखला लागत नाही. उजेड प्रकाशगोळ्याचा असेल, तर अकोलेकराला तो बहुधा दिसलेलाच नसतो.